चोवीस कॅरेटचं झाड

रमजानच्या पहिल्या आठवड्यात सराफ्यात जायचं, हा आमच्या घरचा जुना नेम. अब्बा होते तेव्हा ते जायचे, आता अम्मीला घेऊन मी जाते. दोन बांगड्या, एक जुनी चंपाकळी, कानातले. विकायचं काही नसतं, मोडायचंही नसतं. फक्त वजन करून घ्यायचं असतं. वर्षभर घरात राहिलेलं सोनं ठरावीक वजनाच्या वर असेल, तर त्याच्या किमतीचा चाळिसावा हिस्सा गरिबांचा. ही जकात. (आपल्याकडे जकात म्हटलं की नाका आणि रांगेत उभे ट्रक आठवतात. शब्द तोच, अरबीतून आलेला. आपल्याकडे येऊन रस्त्यावरचा कर झाला.) कोकणातले आमचे शाफई बंधू अंगावर वापरायच्या दागिन्यांबाबत वेगळं मत धरतात. आम्ही हनफी, आमचं सगळं काट्यावर चढतं.

यंदा वजन झाल्यावर मी पर्समधून एक पुडी काढली. तिच्यात सात बिया होत्या. तपकिरी, चकचकीत, चपट्या.

"काका, एवढ्या तेवढ्या मोजून द्या. एकेक, वेगवेगळी."

"ही कसली बी, बेटा? चिंचोका तर दिसत नाही."

"मोजा तर आधी."

सराफकाकांनी चिमट्याने एकेक बी काट्यावर ठेवली आणि आकडे वाचले. 0.18. 0.21. 0.20. 0.16. 0.23. 0.19. 0.21. सातांचे मिळून 1.38 ग्रॅम झाले. काका हिऱ्यांचंही थोडंफार काम करतात. त्यांच्या लगेच लक्षात आलं. "ही तर जवळजवळ कॅरेटला एक पडते की!"

मी म्हटलं, "काका, कॅरेट हा शब्दच या बीचा आहे."

या बीच्या झाडाला अरबीत खर्रूब म्हणतात, इंग्रजीत कॅरोब. शास्त्रीय नाव सेराटोनिया सिलिक्वा. शेंग वाकडी, शिंगासारखी, म्हणून ग्रीकांनी तिला 'केरातिओन' म्हणजे छोटं शिंग म्हटलं. तुर्कीत आजही तिचं नाव 'बोकडाचं शिंग' असंच आहे. ग्रीक केरातिओनचा अरबीत कीरात झाला, आणि फिरत फिरत तो युरोपात कॅरेट होऊन पोचला. कॉन्स्टन्टाइन बादशहाने चौथ्या शतकात जे रोमन सोन्याचं नाणं काढलं, ते अशा 24 बियांच्या वजनाचं धरलं जाई. शुद्ध सोनं 24 कॅरेटचं म्हणतात ते त्या हिशेबातून. हिऱ्याचा कॅरेट मात्र वजनाचा. तो 1907 साली आंतरराष्ट्रीय परिषदेत 200 मिलिग्रॅम असा कायमचा ठरला.

आपल्याकडे हेच काम गुंजेने केलं. 8 गुंजांचा मासा, 12 माशांचा तोळा. काकांच्या वडिलांच्या वेळच्या गुंजा एका पितळी डबीत अजून आहेत. लाल अंग, काळं तोंड. मला लहानपणी त्या डबीचं फार वेड होतं आणि "तोंडात घालू नको, विष असतं" हे वाक्य तिच्यासोबत ठरलेलं.

आता जकातीचा हिशेब पाहा. सोन्याची मर्यादा आपल्याकडे साडेसात तोळे धरतात, म्हणजे 720 गुंजा. मूळ अरबी हिशेब 20 मिस्कालांचा. हनफी फिकहमध्ये एक मिस्काल 20 कीराताचा, म्हणजे एकूण 400 कीरात. साडेसात तोळ्यांचे ग्रॅम होतात 87.48. त्याला 400 ने भागलं की एक कीरात सुमारे 0.22 ग्रॅमचा निघतो. माझ्या पुडीतल्या जाड्या बियांच्या आसपास! काकांनी कॅल्क्युलेटरवर हा भागाकार दोनदा करून पाहिला. अम्मी म्हणाली, "म्हणजे आजवर आपण शेंगाच मोजत होतो."

एक गोष्ट मात्र खरी सांगायला हवी. खर्रूबची प्रत्येक बी अगदी सारख्या वजनाची असते, असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं सापडतं. तसं नसतं. आमच्या सात बियांनीच ते सांगितलं. 2006 साली युरोपातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी बिया रीतसर मोजल्या, तेव्हाही इतर झाडांच्या बियांइतकाच फरक त्यांच्यात निघाला. पण त्यांच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली. माणसाला ढिगातून सारख्या बिया निवडायला सांगितलं तर तो नुसत्या नजरेने बऱ्यापैकी सारख्या निवडतो. म्हणजे अचूकपणा बीत कमी आणि निवडणाऱ्याच्या डोळ्यात जास्त होता. व्यापारी अर्थात जड बी घेऊन विकत घेऊ शकतो आणि हलकी बी घेऊन विकू शकतो. काका यावर हसले आणि काहीच बोलले नाहीत.

या शेंगा माझ्याकडे आल्या त्या भाच्यामुळे. तो कैरोला अल-अझहरमध्ये शिकतो. दोन वर्षांपूर्वी सुट्टीवर आला तेव्हा पिशवीभर शेंगा घेऊन आला. अम्मीने पिशवी उघडली आणि म्हणाली, "इजिप्तहून चिंचा आणल्यास? अरे, आपल्या परसात काय कमी आहेत?" चूक तिची नव्हती. वीतभर लांब, चपटी, चॉकलेटी काळसर शेंग, लांबून सुकलेली चिंचच वाटते. दोन्ही झाडं एकाच शेंगवर्गीय कुळातली. गंमत म्हणजे कैरोच्या रमजानी बाजारात खर्रूबच्या शेजारीच चिंचेचं सरबतही विकतात. त्याचं नाव तमर हिंदी, म्हणजे हिंदुस्थानी खजूर. इंग्रजी टॅमरिंड त्यातूनच आला.

खर्रूबची शेंग चावून पाहिली तर आधी चामडं चावल्यासारखं वाटतं, मग हळूहळू खारकेसारखी गोडी उतरते. मागे थोडा आंबूस वास राहतो, तो सगळ्यांना आवडेलच असं नाही. माझ्या मुलाला नाही आवडला. गोडी तिची स्वतःची असते. वाळलेल्या गरात निम्म्याच्या आसपास साखरच असते. पूर्वी जिथे ऊस नव्हता तिथल्या गरिबाची मिठाई हीच.

मला हे झाड वाचूनच माहीत होतं. उर्दूत त्याचं नाव खरनूब. युनानी हकिमांच्या पुस्तकांत खरनूब शामी आणि खरनूब नबती असे दोन भेटतात. पहिलं हेच, शामचं म्हणजे सीरियाकडचं. दुसरं शमीच्या जातीचं एक काटेरी झुडूप. पोटाच्या तक्रारींवर, विशेषतः जुलाबावर, हकीम खरनूब देत. युरोपातही लहान मुलांच्या जुलाबावर त्याची पूड वापरत आले आहेत. शेंगेत तुरटपणा बराच असतो, त्यामुळे हे पटण्यासारखं आहे.

तिकडे हे झाड कसं वाढतं, ते ऐकण्यासारखं आहे. लेबनॉन, पॅलेस्टाइन, सायप्रस, क्रीट, माल्टा, सिसिली, मोरोक्को, दक्षिण स्पेन आणि पोर्तुगाल: भूमध्य समुद्राच्या काठाने चुनखडीच्या उतारांवर, जिथे दुसरं काही धड येत नाही तिथे हे येतं. वर्षाला 300-400 मिलिमीटर पाऊस त्याला पुरतो, तोही हिवाळ्यात. उन्हाळाभर पाण्याचा थेंब नाही, तरी झाड हिरवंगार. पानं जाड, गोलसर, चामड्यासारखी, आणि ती बारमाही. मुळं खडकाच्या भेगांतून खोल जातात. थंडीचं मात्र त्याला वावडं. कडक हिमाने कोवळं झाड मरतं, म्हणून ते समुद्रापासून फार लांब जात नाही.

बहुतेक झाडांना फुलं वसंतात येतात. याला येतात शरद ऋतूत, आणि तीही कोवळ्या डहाळीवर नाही, तर जुन्या जाड फांद्यांवर, कधी खोडावरच, थेट सालीतून. शेंग पिकायला दहा-अकरा महिने लागतात. त्यामुळे शेंगा काढायच्या हंगामात, ऑगस्ट-सप्टेंबरात, एकाच फांदीवर यंदाच्या पिकलेल्या शेंगा आणि पुढच्या वर्षीचा फुलोरा शेजारी शेजारी असतो. ग्रीक पंडित थिओफ्रास्टसने सुमारे 2300 वर्षांपूर्वी जुनं नि नवं फळ एकाच झाडावर असल्याची नोंद केली आहे. शेतकरी खाली चादरी पसरतो आणि लांब काठीने शेंगा झोडपतो, पण बेताने. जोरात मारलं की पुढच्या वर्षाचं पीक याच वर्षी खाली पडतं.

दुसरी अडचण नर-मादीची. पपईसारखंच याचंही: नर झाड वेगळं, मादी वेगळं. बीपासून लावलं तर काय निघालं, ते फुलं येईपर्यंत कळत नाही, आणि फुलं यायला बरीच वर्षं जातात. म्हणून तिकडचे शेतकरी आधी रानटी खुंट वाढवतात आणि त्यावर चांगल्या मादीचा डोळा भरतात. बागेत थोडे नर हवेत. काही जण त्यासाठी वेगळी जागा अडवत नाहीत; मादी झाडावरच नराची एक फांदी कलम करून टाकतात. कलमी झाड सहा-सात वर्षांनी शेंगा धरू लागतं, पंधरा-वीस वर्षांनी भरात येतं, आणि मग शंभर वर्षं देत राहतं. चांगल्या जातींची कलमं पश्चिमेकडे, स्पेनपर्यंत नेण्यात अरबांचा मोठा वाटा होता. स्पॅनिशमधलं अल्गारोबा आणि पोर्तुगीजमधलं अल्फारोबा, दोन्हींच्या पोटात अल-खर्रूब बसलेला आहे. पुढे स्पॅनिश लोक दक्षिण अमेरिकेत गेले. तिथे तशाच गोड शेंगांची काटेरी झाडं पाहून त्यांनी त्यांनाही अल्गारोबो म्हटलं. त्याच जातकुळीतलं एक झाड आपल्या गायरानात माजलेलं आहे. आपण त्याला वेडी बाभूळ म्हणतो.

आता सरबत. कैरोमध्ये इफ्तारच्या आधी रस्त्यावर पिशव्या भरभरून विकतात, आणि जेरुसलेम, नाब्लुस, गाझा इथेही रमजानचा खर्रूब ठरलेला. भाच्याने सांगितलेली रीत अशी. शेंगा फोडून बिया बाजूला काढायच्या. एक वाटी तुकडे आणि पाऊण वाटी साखर जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर परतायची, साखर विरघळून बदामी होईपर्यंत. मग दीड-दोन लिटर पाणी घालून पंधरा मिनिटं उकळायचं, झाकून चार-पाच तास तसंच ठेवायचं, आणि मलमलच्या फडक्यातून गाळून गार करायचं. पहिल्यांदा मी साखर जाळली आणि सगळं कडू झालं. दुसऱ्यांदा साखर अर्धी वाटीच घातली, तीही जास्त वाटली. तिसऱ्यांदा जमलं. रंग काढ्यासारखा, चव खजूर आणि भाजक्या गुळाच्या मधली. शेजारच्या वहिनी इफ्तारला आल्या होत्या, त्यांनी त्यात लिंबू पिळलं. इजिप्तवाल्यांनी नाक मुरडलं असतं, पण आम्हाला ते जास्त आवडलं.

लेबनॉनमध्ये शेंगा भिजवून, रस आटवून काकवी करतात. तिला दिब्स म्हणतात. ती तिळाच्या ताहिनीत कालवून भाकरीशी खायची. आपली काकवी-तीळकूटच म्हणा. बैरुतच्या दक्षिणेला डोंगरउताराच्या एका भागाचं नावच इक्लीम अल-खर्रूब, खर्रूबचा मुलूख. सायप्रसमध्ये या शेंगांना काळं सोनं म्हणत, इतकी त्यांची निर्यात होई. लिमासोलच्या किल्ल्याशेजारची जुनी शेंग-गिरणी आता संग्रहालय झाली आहे. उरलेली शेंग शेळ्या, घोडे, गाढवं यांची. आणि दुष्काळात माणसांची. स्पेनमध्ये यादवीनंतरच्या उपासमारीच्या वर्षांत लोकांनी हिचं पीठ खाल्लं. चॉकलेटला पर्याय म्हणून ही पूड विकतात, तेव्हा मला जरा राग येतो. तिच्यात कॅफीन नाही, हे खरं. पण ती चॉकलेट नाही आणि तिने व्हायचंही कारण नाही.

बाजाराची खरी नजर मात्र आज गरावर नाही, बीवर आहे. बीच्या आतल्या पांढऱ्या थरापासून डिंकासारखी पूड निघते. आइस्क्रीमच्या डब्यावर बारीक अक्षरात ई 410 असं दिसलं तर ती ही. आइस्क्रीममध्ये बर्फाचे खडे होऊ न देणं, चीजला घट्टपणा आणणं ही तिची कामं. दुसऱ्या महायुद्धात ही पूड अमेरिकेला मिळेना, तेव्हा पर्याय शोधताना नजर गेली आपल्या गवारीवर. गवारीच्या बीचा डिंक, ई 412, त्याच घडणीचा. आज राजस्थानातला शेतकरी जी गवार पिकवतो, तिच्या जगभरच्या मागणीची सुरुवात अशी खर्रूबच्या टंचाईतून झाली. अलीकडे खर्रूब बियांचा भाव एवढा चढला की पोर्तुगालच्या दक्षिणेला रात्री झाडांवरून शेंगा चोरीला जाऊ लागल्या.

हे झाड ज्या मुलखात वाढलं तो तिन्ही किताबी धर्मांचा. त्यामुळे तिघांच्याही गोष्टींत ते आहे. बायबलमधल्या उधळ्या पुत्राचा दृष्टांत आपल्या ख्रिस्ती वाचकांना माहीत आहेच. सगळं उडवून डुकरं राखायची पाळी आलेला तो मुलगा डुकरांच्या पुढ्यातल्या शेंगांनी पोट भरायला तयार होतो. त्या शेंगा याच. बाप्तिस्मा देणारा योहान, आमच्यातले हजरत याह्या, यांच्या नावाने जर्मनीत या शेंगेला योहानाची भाकर म्हणतात. माल्टा बेटावर ईस्टरआधीच्या उपवासात एरवीची मिठाई बंद असे, तेव्हा खर्रूबच्या वड्या चालत. आजही गुड फ्रायडेला त्या रस्त्यावर विकायला येतात. माल्टी भाषेत नाव हर्रूब, कारण ती भाषा अरबीची लेक.

यहुद्यांच्या तालमूदमध्ये उपवासांबद्दलचा एक भाग आहे. त्यात होनी नावाच्या साधुपुरुषाची गोष्ट येते. त्याला एक माणूस हे झाड लावताना दिसतो. फळ कधी येईल? सत्तर वर्षांनी. तोवर तू राहशील का? तो माणूस म्हणतो, मी जगात आलो तेव्हा झाडं होतीच. पूर्वजांनी लावली, तशी मी मुलांसाठी लावतो. आपण ही गोष्ट म्हातारा आणि आंब्याचं रोप अशी ऐकलेली असते, उर्दूत ती बादशहा नौशेरवानच्या नावावर आहे. सत्तर वर्षं ही अर्थात गोष्टीतली; खरं झाड इतका वेळ घेत नाही.

आमच्याकडची गोष्ट जरा वेगळ्या चालीची. हजरत सुलेमान बैतुल मुकद्दसमध्ये इबादत करत, तेव्हा समोर रोज एक रोप उगवे. ते त्याला नाव आणि उपयोग विचारत. लावण्याजोगं असेल तर लावत, औषधी असेल तर लिहून ठेवत. एक दिवस उगवलेलं रोप म्हणालं, मी खर्रूबा. कशासाठी? या घराच्या खराबीसाठी. 'खराब' हा आपला रोजचा मराठी शब्द अरबीतलाच, तिकडे त्याचा अर्थ उजाड, पडझड. सुलेमानांना कळलं की आपली वेळ आली. त्यांनी त्याच लाकडाची काठी केली, तिच्यावर टेकून ते उभे राहिले आणि तसेच गेले. जिन्न त्यांना जिवंत समजून काम करत राहिले, काठी वाळवीने खाऊन ते खाली येईपर्यंत. कुरआनात काठी आणि ती खाणारा जीव एवढंच आहे. झाडाचं नाव जुन्या तफसीरांतल्या कथांमधलं, आणि विद्वानांनी त्या कथा जपून घ्यायला सांगितल्या आहेत. भाषेच्या मास्तरणीला मात्र त्यातली खर्रूब-खराबची कोटी सोडवत नाही.

कीराताबद्दल एक हदीस आहे, अबू हुरैरांनी सांगितलेली. जनाज्याच्या नमाजला जो हजर राहील त्याला एक कीरात पुण्य, दफन होईपर्यंत थांबेल त्याला दोन. लोकांनी विचारलं, दोन कीरात म्हणजे किती? उत्तर मिळालं, दोन मोठ्या डोंगरांएवढे. अब्बा गेले तेव्हा सराफकाका कब्रस्तानच्या फाटकाशी शेवटची माती पडेपर्यंत उभे होते. मी तेव्हा घरात होते. मला हे भावाने सांगितलं. काट्यावर 0.20 आकडा आला तेव्हा मला ते आठवलं, पण दुकानात गर्दी होती, काकांना सांगणं राहून गेलं.

इजिप्तमध्ये जमीनही कीरातात मोजतात. 24 कीराताचा एक फेद्दान, म्हणजे आपल्या एकरापेक्षा थोडा जास्त. आणि भाचा सांगतो की तिथले लोक म्हणतात, अल्ला प्रत्येकाला 24 कीरातच देतो. कुणाला पैशात जास्त, कुणाला तब्येतीत, कुणाला मुलाबाळांत. अम्मीचं यावर म्हणणं असं की मग गुडघ्यांचे कीरात कुणाकडे गेले ते शोधा.

झाड लावायचा प्रयत्न मी गेल्या वर्षी केला. बारा बिया साध्या पाण्यात भिजवल्या. दहा दिवसांत बी जशीच्या तशी, खड्यासारखी. कवच इतकं कठीण की पाणी आत शिरत नाही. मग पॉलिशपेपरने एका बाजूने घासल्या आणि गरम पाण्यात रात्रभर ठेवल्या. सकाळी नऊ बिया तिपटीने फुगल्या होत्या. त्यातल्या पाच रुजल्या. दोन रोपं मी हौसेने परसात, काळ्या मातीत लावली. जुलै-ऑगस्टात मातीत पाणी साचलं आणि दोन्ही मुळापासून कुजली. तिकडे उन्हाळा कोरडा, आपल्याकडे नेमका तेव्हाच पावसाळा. हे आधी कळायला हवं होतं. शेतकरी वाचकांनी यात पैसे घालावेत असं मी मुळीच म्हणणार नाही. आणखी दोन रोपं कुंडीत होती, ती माकडांनी उपटली.

उरलं एक. उंच, अरुंद कुंडी, कारण मूळ सरळ खाली जातं. त्यात मुरूम, वाळू आणि जुन्या भिंतीच्या चुन्याचा थोडा चुरा. पावसाळ्यात ते पत्र्याखाली ठेवलं. आज ते दीड वीत आहे, पानांच्या चार-पाच जोड्या. नर आहे की मादी, ते कळायला मी साठीला टेकेन.

सराफकाकांनी सातातली एक बी ठेवून घेतली. पितळी डबी उघडून गुंजांमध्ये टाकली आणि म्हणाले, "आपा, झाड आलं की शेंगा पाठवा." अम्मी रोज असरच्या नमाजनंतर गच्चीवर जाते आणि कुंडीत तांब्याभर पाणी ओतते. एवढं पाणी घालू नको, ते मरेल, असं मी रोज सांगते. ती म्हणते, रोजा माझा आहे, झाडाचा नाही.